पोपटी गाडी आणि पडदेवाल्यांचा रस्ता

…तर दाजींनी चहाचा कप तोंडाला लावला न लावला तोच बाहेरून शिंप्याचा आवाज आला, "पेटली, अहो गाडी पेटली." काल आपलं बोलणं नेमकं इथंच राहिलं होतं. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. नाहीतर दाजी कोण, गाडी कसली आणि ते पडद्याच्या दुकानात चहा पीत का बसले होते, यातच माणूस गुरफटून जायचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. धंदा शेणखत वाहण्याचा. खालच्या अंगाला गाईंचे गोठे होते, तिथून उचलायचं आणि वर टेकडीवर फुलांची रोपवाटिका होती तिथं नेऊन टाकायचं. त्यासाठी त्यांच्याकडे मागं उघडा हौदा असलेली एक लहानशी पिकअप होती. रंग पोपटी, म्हणून गाडीचं नाव पोपटी. आणि दाजींना सगळे अत्तरवाले म्हणायचे, तेही तोंडावर. दाजींना त्याचा राग नव्हता. कुणी विचारलं, "काय अत्तरवाले, आज कुठला वास आणलात?" की ते गाडी हळू करून म्हणायचे, "गुलाबाचा. पण अजून तयार व्हायचाय. चार महिन्यांनी या हुंगायला."

आणि माणूस कसा, तर पांढऱ्या शर्टाचा. खत वाहणाऱ्या माणसानं पांढरा शर्ट घालावा हे कुणाला पटत नसे, ताईला तर मुळीच नाही, कारण धुवायचा तिनं. "बाकीचे लोक मळखाऊ रंग घेतात, आमच्या घरात मळ दाखवायचा रंग घेतात," असं ती वाळत घालता घालता शेजारणीला ऐकवायची. दाजी आरशासमोर उभे राहून भांग पाडत म्हणायचे, "डाग दिसला तर कळतं, की भरताना कुठं तरी चुकलं. मळखाऊ शर्ट माणसाला आळशी करतो." ताई म्हणायची, "आणि पांढरा बायकोला म्हातारी करतो." पुन्हा दोघं आपापल्या कामाला.

खरं म्हणजे दाजी मूळचे काचेच्या दुकानातले. खिडक्यांच्या मोठ्या काचा गाडीत उभ्या बांधून घरोघर पोचवायच्या. इतकी वर्षं काचा वाहिलेला माणूस पुढं काहीही वाहू दे, तो काचच वाहतो. खड्डा दिसला की दाजी आधी श्वास रोखायचे, मग ब्रेकवर पाय ठेवायचे. शेजारी मी बसलेलो असलो की मीही श्वास रोखायचो. आम्ही घरी पोचलो की ताई म्हणायची, "दोघं विहिरीतून वर आल्यासारखे दिसताय."

काचवाल्या मालकाशी त्यांचं बिनसलं ते एका तड्यावरून. तडा दुकानातून निघतानाच होता, मालक म्हणाला गाडीत गेला. दाजींनी किल्ली काउंटरवर ठेवली आणि चालत घरी आले. ताईनं विचारलं, "गाडी कुठाय?" म्हणाले, "ज्याची होती त्याच्याकडं." पुढं बरेच दिवस घरात कुणी काचेचं नाव काढत नव्हतं. पेला फुटला तरी सगळे गप्प. मग कुठून तरी ही पोपटी आली, दुसऱ्याची वापरलेली, डावं दार आतून दोरीनं बांधून बसायचं.

मी तेव्हा सायकल दुरुस्तीच्या दुकानात होतो. सुट्टीच्या दिवशी ताईकडं जायचो आणि दाजींबरोबर एखादी खेप मारायचो. खरं सांगू, त्या केबिनचा वास अजून नाकात आहे. ओलं गोणपाट, कपड्याचा साबण आणि दाजींच्या डोक्याचं तेल. आणि पोपटीचा तो आवाज, चढाला लागली की घसा खाकरल्यासारखा.

भरणं बघण्यासारखं असायचं. हौद्याच्या तळाला आधी सुका पालापाचोळा, म्हणजे खताचं पाणी सुटलं तर तो पिऊन घेईल. मागच्या फाळक्याच्या, म्हणजे उघडायच्या फळीच्या, फटीत गोणपाटाची घट्ट सुरळी. मग खत, पण जड भाग केबिनच्या पाठीला लावून, शेपटाकडं हलकं. माल कडांच्या वर कधीच नाही. वरून फावड्यानं थापून सारखा केला की ताडपत्री, तिच्या कडा आत खोचून दोर आडवा-तिडवा. फावडं आणि खत उपसायचा काटा मोकळे टाकायचे नाहीत, तेही बांधायचे. मग थोडं पुढं जाऊन गाडी पुन्हा थांबायची, कारण माल हलून बसला की दोर सैल पडतो. सगळ्यात शेवटी दाजी खाली वाकून मागच्या चाकाच्या वर, टायर आणि मडगार्डच्या मध्ये, आपली मूठ घालायचे. मूठ आत गेली तर निघायचं. अडकली तर गाडी भारानं खाली बसली, दोन पाट्या उतरवायच्या. यावर चर्चा नाही.

मी एकदा म्हणालो, "दाजी, माझी मूठ लहान आहे, माझ्या मुठीनं बघितलं तर दोन पाट्या जास्त बसतील."

"मग मेव्हणे, चढावर गाडी तुमच्या मुठीनं धरायची का?" झालं. मी पाट्या उतरवल्या.

आता रस्त्याचं. गोठ्यांकडून टेकडीकडं जायला एकच नीट वाट, ती बाजाराच्या मधल्या रस्त्यानं. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी दुकानं, वर दुकानदारांची घरं, गॅलरीत कुंड्या आणि वाळत घातलेल्या चादरी. रस्ता संपला की बसचा थांबा, आणि थांब्याला लागूनच चढ सुरू. दुसरी वाट खाणीकडून होती, पण ती अशी फुटलेली की पोपटी तिथून रिकामीसुद्धा धड गेली नसती.

झालं असं, की कुठल्याशा ट्रॅक्टरवाल्यानं उघडं, पातळ शेण घेऊन त्या रस्त्यानं धूम ठोकली. वळणावर निम्मं रस्त्यावर. शाळेच्या बाई त्यात घसरून पडल्या, हात मोडला. दुकानदार भडकले, आणि चुकीचं काही नव्हतं त्यात. त्यांचे म्होरके होते पडदेवाले शेठ. त्यांचं पडद्यांचं दुकान, नमुन्याचे पडदे दारात टांगलेले. त्यांचं दुःख जरा जास्तच. कापड वास धरून ठेवतं. ठरलं, आजपासून खताची एकही गाडी या रस्त्यानं जाणार नाही.

दाजी जाऊन म्हणाले, "सांडलं कुणी, आणि बंद कुणाला?" शेठ म्हणाले, "अत्तरवाले, शेण बघून ओळखता येत नाही कुणाचं आहे ते." बोलणं बरंच झालं. शेवटी इतकं निघालं, की दाजींनी एक खेप सगळ्यांच्या देखत करून दाखवावी. रस्त्यावर खताचा कण पडला नाही तर रस्ता चालू, पडला तर कायमचा बंद. कण पडला की नाही ते सांगायचं झाडूवाल्या मावशींनी. मावशी त्या रस्त्यावर इतकी वर्षं झाडू मारत होत्या, की कुठल्या दुकानदाराच्या दारात कसला कचरा निघतो हे त्या डोळे मिटून सांगायच्या, आणि सांगायच्याही सगळ्यांसमोर. म्हणून त्यांना सगळे वचकून.

रस्ता बंद झाला असता तर रोपवाटिकेचं काम जाणार, रोपवाटिका गेली तर पोपटी विकायची, आणि मग दाजींना येणारं दुसरं काम कुठलं, तर काचवाल्याकडं. तडा आपल्याच हातून गेला असं कबूल करून परत जायचं. आदल्या दिवशी ताईनं ताडपत्रीला पडलेलं प्रत्येक भोक ठिगळ लावून शिवलं. मी बघितलं तर एखाद्या लहान मुलीच्या परकराला घालावी तशी नीट टीप.

तर त्या खेपेचा दिवस. सकाळची कडाक्याची थंडी. खत ताजं, आतून गरम. दाजींनी भरलं ते इतकं काळजीनं, की मला वाटलं गुंडाळून वर नाव-पत्ता लिहितात की काय. बाजाराच्या तोंडाशी गाडी थांबवून चारी टायर पाण्यानं धुतले. मूठ घातली, आत गेली. मग आम्ही निघालो. पुढं पोपटी, मागं झाडू खांद्यावर टाकून मावशी, दोन्ही बाजूंनी दुकानदार दारात. केशकर्तनवाल्याचं गिऱ्हाईक तोंडाला अर्धा साबण तसाच ठेवून बाहेर आलेलं. दाजी श्वास रोखून, मी श्वास रोखून. एक कण नाही.

पडद्याच्या दुकानापाशी शेठनी हात केला. त्यांना गाडी जवळून बघायची होती. खालून वाकून बघितलं, फाळक्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग म्हणाले, "माणूस काम चोख करतो बुवा. या, चहा घ्या, मग चढाला लागा." माणूस वाईट नव्हता. आम्ही आत गेलो. आणि दाजींनी कप तोंडाला लावला तो हा क्षण.

काय झालं होतं, तर ताडपत्री इतकी घट्ट, ठिगळं इतकी पक्की, की खताच्या वाफेला कुठून निघायला वाट नव्हती. ती सगळी वाफ केबिनच्या बाजूच्या एका कोपऱ्यातून एकदम वर निघाली. थंडीत ती धुरासारखी दिसते. समोरच्या शिंप्यानं बघितली आणि घेतली गाडीकडं धाव. त्यानं दोर सोडले, ताडपत्री ओढली, तर आतून आणखी मोठा लोट. मग काय विचारता. केशकर्तनवाला बादली घेऊन, चहावाला पिंप घेऊन, आणि पडदेवाल्यांच्याच नोकरानं दुकानाची पाण्याची नळी आणून सोडली हौद्यात. आम्ही बाहेर येईपर्यंत जो तो शेजाऱ्याला म्हणत होता, बरं झालं वेळेवर बघितलं.

दाजी दारात उभे राहून म्हणाले, "नळी बंद करा. ती वाफ आहे."

शिंपी म्हणाला, "वाफ कसली, धूर होता. मी डोळ्यांनी बघितलाय."

"हात घालून बघा."

शिंप्यानं हात घातला नाही. पण मग गरम वासाची ती वाफ सगळ्यांच्या नाकाशी आली आणि जो तो आपली बादली पाठीमागं लपवायला लागला.

रस्त्यावर मात्र अजून कण नव्हता. पाचोळ्यानं पाणी प्यायलं होतं आणि फाळक्याच्या सुरळीनं बाकीचं अडवून धरलं होतं. शेठनी ते बरोबर हेरलं. पाणी त्यांच्याच नळीचं, त्यामुळं जीव थोडा खाली-वर होताच. ते दाजींच्या कानाशी येऊन म्हणाले, "अत्तरवाले, अजून सांडलं नाहीये. ताडपत्री टाका आणि निघा पटकन. चढाला लागलात की तुम्ही पास. मी बोलतो सगळ्यांशी."

शिंपीही म्हणाला, "हो हो, निघा, आम्ही काही बघितलं नाही."

मी दार उघडून आत बसायला निघालो होतो. दाजी मात्र मागच्या चाकाशी वाकले. मूठ घातली. मूठ तर सोडाच, बोटं आडवी जाईनात. रस्ता चढाच्या बाजूनं उंच, त्यामुळं सगळं पाणी आणि पाण्यानं सुटलेलं खत मागं शेपटाकडं बसलेलं. गाडीनं नाक वर केलं होतं, जणू तिलाच वास सोसत नव्हता.

दाजी पुढं गेले, पुढच्या चाकाकडं बघितलं. मग चढाकडं. मग चढाच्या पायथ्याशी बसच्या थांब्यावर उभ्या माणसांकडं. पोपटीला पुढून वजन राहिलं नाही की स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं, आणि चढावर मागं घसरली तर मागं तीच माणसं. हे त्यांनी कुणाला समजावून सांगितलं नाही. मला इतकंच म्हणाले, "मेव्हणे, ताडपत्री घ्या. इथं पसरा."

"इथं?"

"दुकानाच्या दाराशी तेवढी जागा सपाट आहे."

शेठ हे ऐकून पांढरे पडले. "अहो, हे काय करताय? इथं पडदे आहेत माझे. आणि अट विसरलात का? रस्ता हातात आलेला घालवताय."

दाजींनी शर्ट काढला, घडी घातली, आणि तो ठेवायला स्वच्छ जागा दिसेना म्हणून पडद्याच्या दांडीवर, नमुन्याच्या पडद्याशेजारी टांगला. मग फावडं सोडलं आणि पहिला घाव घातला. मीही दुसऱ्या बाजूनं लागलो. पाण्यानं भिजलेलं खत काय जड असतं म्हणून सांगू. सुकं असतं तेव्हा पाटी डोक्यावर घेऊन माणूस गाणं म्हणतो, ओलं झालं की तोंडातून नुसता वाराही निघत नाही. वास सगळ्या रस्त्यावर. शेठनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे पडदे स्वतःसाठी ओढून घेतले.

मावशी ताडपत्रीच्या कडेनं चक्कर मारत होत्या. शिंप्यानं विचारलं, "काय मावशी, हे सांडलं म्हणायचं की नाही?"

"सांडलं म्हणजे आपोआप पडलं ते. हे त्यानं ठेवलंय."

"पण रस्त्यावर ठेवलंय."

"ताडपत्रीवर ठेवलंय. खाली रस्ता आहे. तू खुर्चीवर बसतोस, तेव्हा मी काय म्हणू, जमिनीवर बसलायस?"

शिंपी दोन पावलं मागं सरला. मला हसू आलं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

निम्मा माल उतरवल्यावर मूठ आत गेली. दाजी एकटेच गाडीत बसले. मला म्हणाले, "तुम्ही ढिगाशी थांबा, आणि थांब्यावरच्या लोकांना जरा कडेला व्हायला सांगा." लोक कडेला झाले. पोपटी घसा खाकरत चढून गेली. मग ते परत आले, उरलेलं भरलं, तेही नेलं. पुन्हा आले ते रिकाम्या गाडीत बादल्या घेऊन. ताडपत्री गुंडाळली, जागा धुतली, पुन्हा धुतली. फाळक्यातून एक बारीक तपकिरी रेघ आली होती, ती मावशींनी स्वतः झाडूनं साफ केली आणि वर म्हणाल्या, "पाणी यांचं, खत त्याचं. रेघ कुणाची ते तुम्ही वाटून घ्या."

त्या रस्त्यावर आता गेलात तर काही ओळखू यायचं नाही. पडद्याच्या दुकानाच्या जागी चष्म्याचं दुकान आहे. गॅलऱ्यांना जाळ्या बसल्या. खत आता शिवलेल्या पिशव्यांतून येतं, हातानं उचलून डिकीत ठेवतात, त्याला वासही नसतो. पोपटी दाजींच्या अंगणात कितीतरी वर्षं उभी होती. शेवटी शेवटी ताईनं हौद्यात वेल सोडला होता. दाजी म्हातारपणी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे, तोच तो पांढरा शर्ट, आणि रस्त्यानं भरलेली गाडी गेली की तिच्या मागच्या चाकाकडं बघायचे. म्हणायचे, "ह्याची मूठ जात नाही बघा." मी म्हणायचो, "दाजी, इतक्या लांबून?" ते म्हणायचे, "गाडी खाली बसली की लांबूनच दिसते. आत बसलेल्या माणसाला तेवढी दिसत नाही." ताई आतून ओरडायची, "बसलेल्या माणसाला चहा थंड झालेलाही दिसत नाही." ते दोघेही आता नाहीत. पण अजूनही एखादा टेम्पो मागून वाकलेला दिसला की माझी मूठ आपोआप वळते.

असो. त्या दिवशीचं राहिलं. धुणं झालं आणि दुकानदार पडद्याच्या दुकानापुढं जमले. एव्हाना कुणीतरी ताईला कळवलं होतं, तीही धापा टाकत येऊन उभी. दाजी कमरेपर्यंत उघडे, हाताला शेण. शेठ पडद्यामागून बाहेर आले. बोलले ते ठीकच बोलले. म्हणाले, "सांडलं नाही, हे मान्य. पाणी आमच्याकडून पडलं, हेही मान्य. पण असला तमाशा पुन्हा नको. अत्तरवाले, रस्ता तुम्हाला चालू. फक्त एवढा शब्द द्या, की यापुढं काहीही झालं तरी या रस्त्यात गाडी थांबवून माल उतरवणार नाही."

एवढं "हो" म्हणायचं होतं. मी दाजींकडं बघतोय, शिंपी बघतोय, ताई तर मान हलवून हलवून सांगत होती, हो म्हणा. रस्ता मिळाला तो मात्र "हो" म्हणून मिळाला नाही. मिळाला हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. शेठ शेवटी म्हणाले, "या उद्या," आणि पुढं पोपटी चालली तोवर त्याच रस्त्यानं चालली. पण त्याआधी दाजींनी हात मागं पुसत जे उत्तर दिलं, ते माझ्या कानात जसंच्या तसं आहे:

"शेठ, तसा शब्द मला देता यायचा नाही. पाणी पडो, पाऊस पडो, नाहीतर स्प्रिंगचा पाटा मोडो, गाडी चढायच्या लायकीची राहिली नाही की मी असेन तिथंच ती रिकामी करणार. मग पुढं तुमचे पडदे असोत नाहीतर माझं स्वतःचं दार असो. चालत असेल तर उद्या सकाळी येतो. चालत नसेल तर आत्ताच सांगा, काचवाला दुपारी दुकान बंद करतो, त्याच्या आत मला त्याला गाठावं लागेल."